केळी आणि फ्रोझन माल समुद्रमार्गे पाठवताना: कंटेनरचे दार लागण्याआधी काय पाहावे

रावेर, यावल, मुक्ताईनगर आणि चोपडा पट्ट्यातले केळी उत्पादक आणि फ्रोझन माल तयार करणारे छोटे उद्योजक यांच्यासाठी हे पत्रक आहे. आम्ही सावद्याहून रीफर, म्हणजे गार ठेवणारे यंत्र बसवलेले कंटेनर भरून न्हावा शेवा बंदराकडे पाठवतो. नव्याने येणाऱ्या बहुतेक ग्राहकांच्या मनात एक समज पक्का असतो: रीफर म्हणजे मोठा फ्रीज, माल आत टाकला की आपोआप गार होणार. मालाचे सर्वांत जास्त नुकसान याच समजाने होते. गार करून दिलेला माल तसाच गार ठेवणे, एवढेच रीफरच्या यंत्राचे काम. गार करायचे ते इथे, आपल्या पॅकहाऊसमध्ये.

४० फुटी हायक्यूब (जादा उंचीच्या) कंटेनरमध्ये १३ किलोच्या पेट्या लावल्या तर साधारण २० टन केळी बसते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. तेव्हा दुपारी कापलेल्या घडाचा गरही चांगलाच तापलेला असतो. एवढा माल १३.५ अंशांवर आणायला कंटेनरच्या यंत्राला काही दिवस लागतात. त्यात केळी कापली तरी जिवंत असते, श्वास घेते आणि श्वासाबरोबर उष्णता सोडते. माल जितका गरम, तितका श्वास जोरात. यंत्र एकीकडून उष्णता काढत असते आणि पेट्या दुसरीकडून ती भरत असतात. या ओढाताणीत केळीचे जे दिवस खर्ची पडतात ते पुढे कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका मे महिन्यात जहाज चुकू नये म्हणून प्री-कूलिंगमधून (भरण्याआधी माल गार करण्याच्या खोलीतून) पेट्या वेळेआधी बाहेर काढल्या. वरच्या पेटीत थर्मामीटर टोचला, आकडा बरोबर दिसला, मधल्या पेट्या तपासल्याच नाहीत. तिकडे दार उघडले तेव्हा मधल्या रांगांना पिवळेपणा धरलेला होता. शेतकऱ्याचे नुकसान आम्ही भरून दिले, पण त्याची वर्षभराची मेहनत भरून देता आली नाही. तेव्हापासून थप्पीच्या मधल्या पेटीतल्या केळ्याचा गर १४ अंशांवर आल्याशिवाय आम्ही लोडिंग सुरू करत नाही. त्याला आठ-दहा तास लागोत की पूर्ण रात्र. जहाज चुकले तर पुढचे मिळते.

आता उलट बाजू. "१३.५ कशाला, ८-१० वर ठेवा, जास्त टिकेल," असे बरेच जण सांगतात. थंडीत बागेवर चरका (थंडीची इजा) येतो तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कंटेनरमध्ये तापमान १३ च्या खाली गेले की फळालाही तसाच चरका बसतो. सालीखाली तपकिरी रेघा पडतात, साल धुरकट होते. वाईट हे, की हिरव्या केळीवर ते चटकन दिसत नाही. पिकवल्यावर केळी सोनपिवळी न होता राखाडी-मळकट निघते, आणि तोवर माल व्यापाऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. हिवाळ्यात तर कंटेनरपर्यंत जायचीही गरज नाही. रावेर-यावलकडे जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली उतरतो. संध्याकाळी कापलेला माल रात्रभर उघड्या ट्रॉलीत राहिला तर चरका तिथेच बसतो. म्हणून थंडीत कापलेला माल त्याच दिवशी पॅकहाऊसला पोचवा, आणि थांबावे लागलेच तर झाकून आडोशाला ठेवा.

पिकण्याचे दुसरे कारण इथिलीन वायू. पिकणारे फळ तो सोडते आणि शेजारच्या हिरव्या फळाला पिकायला लावते. पेटीतले एक पिकलेले किंवा ठेचलेले केळे पूर्ण रांगेला बाधते, त्यामुळे फण्या निवडताना हात आखडू नका. घडाला बागेतच स्कर्टिंग बॅग (घड झाकणारी पिशवी), कापताना डाग न पडू देणे, फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन चीक काढणे, ही कामे आपल्याकडचे मजूर आता उत्तम करतात. कंटेनरला ताज्या हवेची झडप असते. केळीसाठी ती उघडी लागते, म्हणजे इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. बुकिंगच्या कागदावर झडप "१५ टक्के" असे लिहू नका, प्रत्येक यंत्राचे टक्के वेगळे. घनमीटर प्रति तास असाच आकडा लिहून घ्या.

हवेच्या वाटेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण भरताना सर्वाधिक चुका इथेच होतात. रीफरमध्ये गार हवा खालून येते. जमिनीवर उभ्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून ती दारापर्यंत जाते, पेट्यांच्या छिद्रांतून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. पेट्यांची छिद्रे एकावर एक जुळली नाहीत, दाराजवळची जमीन उघडी राहिली किंवा भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल गेला, की हवा सोपी वाट धरते आणि मधला माल तसाच तापत राहतो. ही अडचण या धंद्याइतकीच जुनी आहे. १८८२ साली 'डनेडिन' हे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन न्यूझीलंडहून लंडनला निघाले. वाटेत गार हवा नीट फिरेना, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः आत सरपटत गेले आणि त्यांनी करवतीने हवेसाठी जादा भोके पाडली. ते जवळजवळ गोठलेच होते, खलाशांनी दोराने ओढून बाहेर काढले. ९८ दिवसांच्या प्रवासानंतर माल लंडनला चांगल्या स्थितीत उतरला. आमचा लोडिंगचा मुकादम छिद्रे जुळेपर्यंत रांग पुन्हा लावायला लावतो, त्यामुळे उशीर झाला तर कृपया रागावू नका.

आणखी एक: दार उघडे असताना यंत्र सुरू ठेवू नये. बाहेरची दमट हवा आत जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि पहिले काही तास यंत्र स्वतःचाच बर्फ काढत बसते.

फ्रोझन मालाची गोष्ट वेगळी. भरीत भाजून, गोठवून आखातात पाठवू इच्छिणारे दोन-तीन गृहउद्योग आमच्याकडे आले. कल्पना आम्हाला मनापासून आवडते. पण "केळीच्याच कंटेनरमध्ये कोपऱ्यात चार खोकी बसवा" हे होणे नाही. केळीला +१३.५, भरीताला -१८, आणि कंटेनरला तापमान एकच. डाळिंबही केळीसोबत जात नाही, त्याला ५ ते ७ अंश लागतात. फ्रोझन माल श्वास घेत नाही, त्यामुळे झडप बंद ठेवायची आणि खोकी एकमेकांना चिकटवून घट्ट लावायची. हवा फक्त चारही बाजूंनी फिरली की पुरते. मात्र पाकिटाच्या गाभ्यापर्यंत -१८ भरण्याआधीच झालेले हवे. पाकिटात बर्फाचे मोठे खडे दिसले तर माल वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठला, हे तिकडचा ग्राहक लगेच ओळखतो. माल कंटेनरभर नसेल तर इतरांच्या -१८ च्या मालासोबत जागा शोधावी लागते. ती दर आठवड्याला मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कागदावर अंशांपुढे अधिक किंवा उणे हे चिन्ह आणि "सेल्सिअस" हा शब्द दोन्ही लिहायलाच हवेत.

सावद्याहून धुळे, नाशिक, कसारा घाटमार्गे बंदर सुमारे साडेचारशे किलोमीटर. तेवढा वेळ यंत्र ट्रेलरवरच्या जनरेटरवर चालते. चालकाने डिझेल आणि तापमानाची दर काही तासांनी नोंद करावी, असा आमचा नियम आहे. आखातात थेट जहाज चार-पाच दिवसांत पोचते. युरोपला कित्येक आठवडे जातात, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. इतक्या लांबच्या वाटेला केळीसाठी कमी ऑक्सिजनचा, नियंत्रित हवेचा कंटेनर लागतो. त्याचे भाडे जास्त असते, म्हणून पहिली निर्यात आखातात करा, असा आमचा सल्ला आहे.

कागदपत्रांत आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) नोंदणी, केळीसाठी फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र आणि उत्पत्तीचा दाखला लागतो. ते आम्ही करून देतो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तेही कळवा.

विमा घेताना पॉलिसी वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत यंत्र सलग २४ तास बंद पडले तरच तापमानाचे नुकसान धरतात. आम्ही प्रत्येक कंटेनरमध्ये मधल्या रांगेत एक आणि दाराजवळ एक डेटा लॉगर ठेवतो. तापमान कधी, किती हलले हे त्यातून कळते, आणि चूक आमची असली तरी त्यातच दिसते. ती नोंद मागाल तेव्हा तुमच्या हाती मिळेल.

माल पाठवायचा असेल तर कापणीच्या किमान दहा दिवस आधी सांगा: बाग नवती (नवी लागवड) की पिलबाग (आधीच्या झाडाच्या पिलांपासून धरलेली), घड किती, कोणत्या देशात पाठवायचे. आमचा माणूस बागेत येऊन केळ्याची जाडी आणि भरणी पाहील. लोडिंगच्या दिवशी तुम्ही स्वतः पॅकहाऊसला या, मधल्या कोणत्याही पेटीत तुमच्या हाताने थर्मामीटर टोचा, आणि आकडा पाहूनच दार लावायला सांगा.