फेजचा उलटेपणा आणि खोलीतला खड्डा: सबवूफरचा बेस नेमका कशाने दबतो?

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, नवा आहे, दिवा लागलेला आहे, त्याच्या हलणाऱ्या पडद्यावर बोट टेकवले तर तो थरथरतोही आहे, आणि तरी सोफ्यावर बसून चित्रपट पाहताना छातीत काहीच वाजत नाही, अशी तक्रार दुकानात नेली की बहुधा मोठा सबवूफर घेण्याचा सल्ला मिळतो. बेळगाव-खानापूर भागातल्या नातेवाइकांच्या घरी असे जे संच मी उघडून, जोडून, सरकवून पाहिले, त्यांत सबवूफरची ताकद कमी पडल्याचे क्वचितच निघाले. बहुतेक ठिकाणी बेस व्यवस्थित तयार होत होता, पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत येताना खोडला जात होता. हे खोडण्याचे काम दोन वेगळ्या गोष्टी करतात: सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यातला फेजचा उलटेपणा (म्हणजे दोघांच्या लहरींची वेळ न जुळणे), किंवा खोलीत उभ्या राहणाऱ्या लहरींमुळे नेमका बसण्याच्या जागी पडलेला खड्डा. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात, परंतु एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच.

दोन्हींकडे वळण्याआधी किरकोळ कारणे बाजूला काढावीत. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या, मेनूमध्ये मुख्य स्पीकर ‘लार्ज’ म्हणून नोंदले असतील, तर त्यांचा खालचा आवाज बहुधा सबवूफरकडे पाठवलाच जात नाही; ‘नाइट मोड’ चालू असेल, तर धमाके मुद्दाम दाबले जातात; क्रॉसओव्हरचे काम, म्हणजे कोणत्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे द्यायचा ती वाटणी, रिसीव्हर करत असेल, तर सबवूफरवरचे क्रॉसओव्हरचे बटण शेवटपर्यंत वर ठेवावे, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो. हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

आता फेज. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर असेल, तर त्याच्या आसपासचे सूर सबवूफर आणि मुख्य स्पीकर असे दोघेही वाजवत असतात. दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे आले, तर आवाज एकट्याच्या तुलनेत ६ डेसिबलपर्यंत वाढतो. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे गेला, तर एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि त्या पट्ट्यात जवळजवळ शांतता पसरते.

खानापूरला मावसभावाच्या जुन्या घरात हा प्रकार घडला आणि दोष सर्वस्वी माझा होता. गणपतीपूर्वीच्या रंगकामासाठी सोप्यातले, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीतले, स्पीकर उतरवले होते आणि ते परत जोडताना मी घरात उरलेली साधी पांढरी दुपदरी वायर वापरली, जिच्या एका पदरावर अंधुक रेघ होती. ती रेघ एका टोकाला लाल अग्रात आणि दुसऱ्या टोकाला काळ्यात गेली, आणि चूक इतक्या शिस्तीने झाली की दोन्ही स्पीकर सारखेच उलटे जोडले गेले. एकच स्पीकर उलटा असता, तर गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता पसरट आणि पोकळ वाटला असता व लगेच शंका आली असती. इथे गाणे स्वच्छ होते. फक्त भजनाच्या ध्वनिमुद्रणातली पखवाजाची कणीक लावलेली बाजू पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी वाजत होती. शेवटी रिसीव्हरकडचे टोक सोडवून त्या वायरीला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला. सेलचे धन टोक ज्या पदराला लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर येतो, तो पदर लाल अग्राचा. आमच्याकडे पडदा आत गेला.

सबवूफरच्या पाठीवर ० आणि १८० असा जो फेजचा स्विच असतो, तो दाबूनही तिथला आवाज सुधारला असता, पण मूळ चूक वायरीत असताना स्विचने झाकून ठेवणे मला पटत नाही, कारण पुढच्या वेळी वायर कोणी सरळ जोडली की तोच दोष उलट्या बाजूने परत येतो. या दोषाची दोन लक्षणे मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. तो क्रॉसओव्हरच्या आसपासच जाणवतो, ३५ हर्ट्झची खोल घरघर मात्र शाबूत राहते, कारण तिथे सबवूफर एकटाच वाजत असतो आणि त्याच्याशी भांडायला दुसरे कोणी नसते. आणि वायर उलटी असेल, तर सोप्यातल्या बहुतेक सगळ्या जागी बेस सारखाच उणा लागतो.

खोलीतला खड्डा नेमका याच्या उलट वागतो: तो जागेला चिकटलेला असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या वर जाते, म्हणजे ती आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत मावतच नाही. ती भिंतीवर आपटून परत येते आणि येणारी-जाणारी लहर मिळून काही ठिकाणी दाब वाढतो, काही ठिकाणी नाहीसा होतो. ज्या लहरीची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी असते, तिचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर शून्याजवळ असतो.

वडगावला मामांच्या घरी बैठकीची खोली १८ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. हिशेब केला तर लांबीची पहिली लहर ३१ हर्ट्झच्या आसपास येते, रुंदीची ४७ च्या आणि उंचीची ५६ च्या. मामांचा सोफा टीव्हीसमोर मधोमध आणि लांबीच्याही मध्यावर होता, कारण मागे जेवणाचे टेबल होते. म्हणजे ३१ आणि ४७, दोन्ही सुरांच्या खड्ड्यात ते रोज संध्याकाळी बसत होते. त्यांनी सबवूफरचा आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला होता आणि तरी समाधान नव्हते. स्वयंपाकघर मात्र मागच्या भिंतीला लागून असल्याने मामी तिकडून सांगत होत्या, “अहो, इथं मांडणीवरची भांडी वाजालीत आणि तुमाला ऐकू येईना?” निदानाचे निम्मे काम त्या एका वाक्यात झाले होते. बेस तयार होत नसता, तर भांडी वाजली नसती.

अशा खड्ड्यात आवाज ओतून तो भरत नाही, कारण सरळ येणारी लहर जितकी वाढते तितकीच तिला खोडणारी, परत फिरलेली लहरही वाढते. इक्वलायझरवर, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीवर, तिथे १० डेसिबल चढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे दहापट शक्ती मागायची. शंभर वॅटच्या जागी हजार.

इथे घराच्या बांधणीचाही मोठा वाटा असतो आणि परदेशी सल्ले वाचताना तो विसरला जातो. अमेरिकेतल्या अनेक घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. खालच्या सुरांवर त्या स्वतःच थोड्या हलतात आणि बेसचा काही भाग गिळतात, त्यामुळे तिथले खड्डे उथळ राहतात. आपल्याकडच्या विटांच्या पक्क्या भिंती आणि वरचा स्लॅब जवळजवळ काहीच गिळत नाहीत, म्हणून बंगल्यातल्या खोलीत खड्डाही खोल आणि शेजारचा उंचवटाही तितकाच बोचरा असतो. खानापूरच्या त्या जुन्या घरात भिंती जांभ्या दगडाच्या, चांगल्या हातभर जाडीच्या आहेत, पण वर कौले आहेत. फटींतून आणि आढ्याच्या पोकळीतून बेस निघून जातो. तिथे खोल बेस एकंदरीने कमी ऐकू येतो, पण एका जागी नाही आणि दुसऱ्या जागी मुबलक, असा प्रकार फारसा होत नाही. माझ्या मते बेसचे गाणे ऐकायला तो सोपा मामांच्या नव्या खोलीपेक्षा सरस आहे.

दोन दोष वेगळे करायला मोबाइलवरचे सूर वाजवणारे एखादे अ‍ॅप पुरते. आधी ८० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या क्रॉसओव्हरचा सूर सगळ्या स्पीकरांतून वाजवावा, एकाने आपल्या नेहमीच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने फेजचा स्विच इकडून तिकडे करावा. आवाजात ठळक फरक पडला, तर जो जास्त भरतो तो ठेवावा. मग मुख्य स्पीकर बंद करून फक्त सबवूफरवर ३० ते ५० हर्ट्झमधले सूर एकेक करून लावावेत आणि खोलीच्या लांबीने सावकाश चालावे. दोन पावलांत सूर विरून परत उगवला, तर तो खड्डा आहे, आणि स्विच कितीही वेळा दाबला तरी तो तिथेच राहणार, कारण वाजणारा एकच असताना उलट-सुलट याला अर्थच उरत नाही. मोबाइलच्या माइकने दाखवलेल्या डेसिबलच्या आकड्यावर इतक्या खालच्या सुरांत भरवसा ठेवू नये. पण एकाच सुरासाठी दोन जागांची तुलना करायला तो चालतो.

मामांचा सोफा आम्ही अडीच फूट मागे घेतला आणि जेवणाचे टेबल भिंतीला लावले. त्यानंतर सबवूफरच सोफ्यावर ठेवला, सूर चालू केला आणि मी भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीजवळ नेऊन, तो कुठे सर्वांत भरीव लागतो ते ऐकत फिरलो. सबवूफर आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, हे या रांगण्यामागचे तत्त्व. दारातून शेजारच्या आजी बराच वेळ पाहत होत्या. “काय हुडकालाइस रे?” त्यांनी विचारले. बेस हुडकतोय म्हणून सांगितल्यावर त्यांनी देवळाकडे जाणे पसंत केले. जागा मिळाली ती डाव्या भिंतीशी, पुढच्या कोपऱ्यापासून पाचेक फुटांवर. टीव्ही मधोमध असल्याने सोफा रुंदीच्या मध्यावरून हलवता आला नाही, त्यामुळे ४७ हर्ट्झचा खड्डा मधल्या आसनावर तसाच राहिला. मामा आता खिडकीकडच्या टोकाला बसतात.

सबवूफर नव्या जागी ठेवल्यावर मात्र खोल घरघर आली आणि ठोका बारीक झाला, तेव्हा मामांना सगळा खटाटोप वाया गेल्यासारखे वाटले. सबवूफरचे सोफ्यापासूनचे अंतर १३ फुटांवरून ९ फुटांवर आले होते. ध्वनीला ते चार फूट कापायला साडेतीन मिलिसेकंद लागतात आणि ८० हर्ट्झचा एक फेरा साडेबारा मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे फेज पाव फेऱ्याहूनही जास्त सरकली होती. खड्डा काढताना आम्हीच फेजचा दोष निर्माण केला होता. रिसीव्हर ज्यावरून आवाजाची वेळ जुळवतो, ते मेनूमधले सबवूफरचे अंतर अजून जुनेच होते. ते चार फुटांनी कमी केले आणि ठोका परत भरला.