योग जुळून येणं (कोल्हापूरची कलापरंपरा)

कलावंताच्या आयुष्यात एखादं माणूस, एखादं साधन किंवा एखादी संधी अशा नेमक्या वेळी समोर येते की मागची सगळी वर्षं जणू तिच्याचसाठी गेली होती असं वाटतं, त्याला कोल्हापुरात योग जुळून आला असं म्हणतात. चित्रकार, गवई, नट, मूर्तिकार, सिनेमावाले सगळ्यांच्या तोंडी हे असतं. योग नव्हता म्हणून काम वर्षभर कोपऱ्यात पडून राहतं आणि योग आला की तेच काम रात्र रात्र जागून पुरं होतं. पण इथले जुने लोक हे बोलतात तेव्हा त्यात नशिबाचा भाग थोडा असतो, मधल्या काळात हात चालू होता की नाही याचीच चौकशी जास्त असते.

सगळ्यात आधी आठवतो तो कॅमेरा. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे दोघं संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यात त्यांचं मोठं नाव होतं. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, तो बघून दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला आणि कॅमेरा आपणच बनवायचा असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम तिथंच थांबलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती, पण बाबूराव मागे लागून राहिले आणि विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला, त्याच्या मागे पैसा उभा केला तानीबाई कागलकर या गायिकेने, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. आता यात योग कुठला आणि चिकाटी कुठली हे वेगळं काढताच येत नाही. गाणारी बाई सिनेमाला पैसे देते हा योग खराच, पण द्यायला समोर काहीतरी तयार होतं म्हणून तो लागू पडला. आणि पडदे रंगवण्यात गेलेली वर्षं वाया गेली असं तर अजिबात म्हणता येत नाही, सपाट कापडावर महाल, जंगल, खोली, उजेड उभा करायची सवय ज्या हाताला लागली होती त्याच माणसाने 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या प्रसंगासाठी कृत्रिम प्रकाश वापरला.

गाण्यातलं उदाहरण उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचं. तरुणपणी अतिगाण्याने त्यांचा आवाज बसला आणि परत आला तो पहिल्यासारखा आला नाही. हाताशी जो आवाज उरला होता त्याला काय शोभेल याचा त्यांनी शोध घेतला, आणि त्यातून वळणावळणाची, लयीशी घट्ट विणलेली, दमसासाची आणि अनवट रागांची गायकी घडली जिला आपण जयपूर-अत्रौली म्हणतो. शाहू महाराजांच्या आश्रयाला ते कोल्हापुरात आले आणि ही गायकी इथं रुजली. ही गायकी ऐकताना वेळ साधणं म्हणजे काय ते अगदी जवळून दिसतं: तीनतालाच्या सोळा मात्रा चाललेल्या असतात, गवई एक लांब तान घेऊन निघतो, मध्ये कुठं श्वास तुटत नाही आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, बरोबर समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, येऊन मिळतो. दोन मात्रा आधीच पोचलेला गवई उरलेली जागा कशीतरी भरतो तेव्हा समोर बसलेल्यांना ते लगेच कळतं. हा अंदाज घड्याळ लावून येत नाही, रोजच्या रियाजातनंच येतो.

गायिका मोगूबाई कुर्डीकरांची (१९०४–२००१) गोष्ट तर योगायोगाचं उदाहरण म्हणून नेहमीच सांगितली जाते. १९१९ च्या सुमाराला त्या सांगलीत होत्या, नाटक कंपनी सुटलेली, आई आधीच गेलेली, घरात एकट्याच रियाज करत बसायच्या. अल्लादिया खाँसाहेब तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीत आलेले, रस्त्यानं जाता-येता हे गाणं त्यांच्या कानावर पडायचं, एक दिवस ते सरळ घरात आले आणि पुढे शिकवायलाच लागले. आपल्याला शिकवणारा हा माणूस कोण हे सुरुवातीला मोगूबाईंना माहीतही नव्हतं. इथपर्यंत गोष्ट फार सुंदर आहे आणि लोक बहुतेक इथंच थांबतात. पुढचं पण सांगायला पाहिजे. खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग त्याही गेल्या, पण तिथं त्यांच्याकडून थेट तालीम मिळायला अडचणी आल्या, मग त्या खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या आणि अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला, म्हणजे रीतसर शिष्या म्हणून स्वीकार झाला, तो १९३४ साली. म्हणजे त्या सांगलीच्या भेटीनंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी! ही वाट बघणं त्यांनी हौसेनं निवडलं नव्हतं, ते त्यांच्यावर आलं होतं, म्हणून धीराचं कौतुक करताना तो कुणाला आणि का धरावा लागला हे झाकून ठेवणं बरोबर नाही. गरीब घरातल्या मुलांना आणि विशेषतः बायकांना "योग येईल, थांब" हे वाक्य आजही जरा जास्तच ऐकवलं जातं.

याच गायकीतल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, मग तालीम तुटत-जुळत राहिली आणि अल्लादिया खाँसाहेबांची सलग तालीम १९२१ पासून सुरू झाली. त्यांची 'जात कहां हो' ही भैरवी अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत आहे. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला.

चित्रकलेत हेच सगळं लहान मापात रोज घडतं. जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट हे इथल्या चित्रकारांचे ठरलेले विषय आहेत आणि आजही पोरं सकाळी सकाळी बोर्ड घेऊन रंकाळ्यावर बसलेली दिसतात. जलरंगात पहिला हात मारून झाला की कागदावर पाण्याची चकाकी असते, ती पुरती जायच्या आत दुसरा रंग लावला तर तो पसरतो, उशीर झाला तर कडा कडक उमटते. पावसाळ्यात कागद वाळतच नाही आणि मे महिन्यात ब्रश टेकायच्या आत वाळतो. पण त्या ओल्या कागदावर एखादा रंग आपोआप असा काही उतरतो की तळ्यावरचं धुकं झालं, आणि तिथं हात आवरून पुढं काहीच न करणं हे शिकायला बऱ्याच जणांची वर्षं जातात.

अंबाबाईचा किरणोत्सव टिपायला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांचं पण तसंच. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात, तारखा ठरलेल्या असतात, तरी ढग आला किंवा हवेत धूळ असली की तो दिवस गेला.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९५२ साली अर्थपूर्ण योगायोगाची कल्पना मांडली, कार्यकारण नसताना दोन घटना अर्थानं जुळतात अशी ती कल्पना. ती सिद्ध झालेली नाही, पण कलावंतांना ती जवळची वाटते कारण त्यांचं कामच न जुळणाऱ्या गोष्टी जुळवायचं असतं. मात्र प्रत्येक जुळणीत अर्थ शोधू नये. गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, आणि त्यांच्या नावाचं नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. जयंतीच्या आदल्या रात्री! अनेकांना त्यात संकेत दिसला. दुःख समजण्यासारखं आहे, पण लाकडी रंगमंच आणि जुनं छत असलेल्या इमारतीला आग लागते तेव्हा आधी वायरिंगची आणि आग विझवायच्या सोयीची चौकशी व्हायला पाहिजे.