मॅसिडोनियाच्या राजांची नाणी

मॅसिडोनियाच्या राजांची नाणी : ग्रीसच्या उत्तरेकडील मॅसिडोनिया राज्याच्या राजांनी, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्याच नावाने इतरांनी पाडलेली सोन्याची, चांदीची व काशाची नाणी. इ. स. पू. पाचव्या शतकात हा सिलसिला सुरू झाला. इ. स. पू. 168 मध्ये पिड्ना येथे रोमनांनी राजा पर्सियसचा पराभव केला आणि राजसत्ता संपली, पण राजाच्या नावाची नाणी त्यानंतरही पडत राहिली. ही नाणी ओळखताना पहिली फसगत होते ती नावापाशीच. नाण्यावर अलेक्झांडरचे, म्हणजे सिकंदराचे, नाव आहे म्हणून ते त्याच्या हयातीतले असे होत नाही, आणि त्यावरचा चेहरा अलेक्झांडरचा तर बहुधा नसतोच.

नाण्यावर स्वतःचे नाव घालणारा पहिला मॅसिडोनियन राजा पहिला अलेक्झांडर. इराणी सैन्य ग्रीसमधून मागे हटल्यावर बिसाल्टिया भागातील चांदीच्या खाणी त्याच्या हाती आल्या. त्यांपैकी एका खाणीतून त्याला दिवसाला एक टॅलेंट, म्हणजे सुमारे 26 किलो चांदी मिळे, असे ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस सांगतो. त्याच्या मोठ्या नाण्यांवर दोन भाले घेतलेला घोडेस्वार आहे. पुढच्या राजांची नाणी बहुतेक लहान. ती संग्राहकांच्या हाती क्वचितच येतात.

खरी भरभराट दुसऱ्या फिलिपच्या काळातली (इ. स. पू. 359–336). त्याने क्रेनिडीस हे गाव घेऊन त्याला फिलिप्पी असे आपले नाव दिले. तिथल्या सोन्याच्या खाणींचे उत्पन्न त्याने वर्षाला हजार टॅलेंटच्या वर नेले, असे ग्रीक इतिहासकार डायोडोरसने लिहून ठेवले आहे. त्याच्या सोन्याच्या स्टेटरवर (वजन सुमारे 8.6 ग्रॅम) एका बाजूला अपोलोचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा धावता रथ आहे. चांदीच्या चौद्राम नाण्यावर, म्हणजे टेट्राड्रामवर, पुढे झ्यूस आणि मागे घोडेस्वार आहे. हा स्वार कधी चपटी मॅसिडोनियन टोपी घातलेला राजा असतो, तर कधी हातात खजुराची फांदी घेतलेला शर्यतीतला पोरगा. फिलिपचा घोडा इ. स. पू. 356 मध्ये ऑलिंपिकमध्ये जिंकला होता, त्याची ही जाहिरात. हे स्टेटर इतके चालले की डॅन्यूबपासून गॉलपर्यंतच्या केल्ट टोळ्यांनी त्यांच्या नकला पाडल्या. नकलेची नक्कल होता होता अपोलोचे केस वेलबुट्टीसारखे झाले आणि रथाचे चाक तेवढे सुटे उरले.

अलेक्झांडरचे (इ. स. पू. 336–323) टेट्राड्राम हातात घेतले, तर घेर साधारण आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा भरतो, पण वजन त्याच्या दुपटीहून जास्त : अथेन्सच्या प्रमाणानुसार सुमारे 17.2 ग्रॅम. पुढची बाजू किंचित फुगीर, मागची किंचित खोलगट. कारण खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि वरचा ठसा हातोड्याने ठोकत. पुढे सिंहाचे कातडे डोक्यावरून ओढलेला हेराक्लीस, सिंहाचे पंजे गळ्याशी बांधलेले. मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस. त्याच्या उजव्या हातावर गरुड, डाव्या हातात राजदंड. पाठीमागे वरून खाली ‘अलेक्झांड्रू’ ही अक्षरे, म्हणजे ‘अलेक्झांडरचे’. षष्ठी विभक्तीतले हे नाव वाचण्यापुरती ग्रीक मुळाक्षरे एका संध्याकाळी शिकता येतात, आणि नवख्याने ती शिकावीतच. मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला हेराक्लीसचे वंशज म्हणवी, म्हणून तो नाण्यावर आला. हा चेहरा अलेक्झांडरचाच, असे विक्रेते अजून सांगतात. अभ्यासक सहसा तसे मानत नाहीत. सोन्याच्या स्टेटरवर शिरस्त्राण घातलेली अथीना आणि मागे पुष्पचक्र घेतलेली विजयदेवता नायकी असते. काशाच्या नाण्यावर हेराक्लीस आणि त्याची गदा व धनुष्य.

नाणे कुठे आणि केव्हा पडले हे सांगतात ती झ्यूससमोरच्या मोकळ्या जागेतली आणि सिंहासनाखालची बारीक चिन्हे व जोडाक्षरे. अँफिपोलिस, टार्सस, बॅबिलॉन, सायडन अशा अनेक टाकसाळी एकाच नमुन्यावर काम करत होत्या. काही खुणा सहज पटतात : गुलाब असेल तर ऱ्होड्स, मागे वळून ताऱ्याकडे पाहणारा सिंह असेल तर मायलीटस, स्फिंक्स असेल तर कायोस. बाकीच्यांसाठी मार्टिन प्राइस यांची 1991 ची सूची उघडावी लागते. लिलावातल्या नाण्याखाली ‘प्राइस’ म्हणून जो क्रमांक असतो तो तिच्यातला. सूचीतले स्थान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मात्र नव्हे. फिनिशियातली सालवार अंक असलेली जी नाणी पूर्वी आके गावाची मानत, ती आता बरेच अभ्यासक टायरची मानतात.

हयातीतले नाणे ओळखायची प्रसिद्ध खूण म्हणजे झ्यूसचे पाय. दोन्ही पाय समांतर असतील तर नाणे हयातीतले, एक पाय मागे घेतलेला असेल तर नंतरचे. नियम सोपा आहे, म्हणूनच धोक्याचा. काही पूर्वेकडील टाकसाळींनी अलेक्झांडर जिवंत असतानाच पाय मागे घेतले, आणि मॅसिडोनियात ते त्याच्यानंतरही बराच काळ समांतर राहिले. पातळ, पसरट चकतीवरचे नाणे मात्र बहुधा इ. स. पू. दुसऱ्या शतकातले. काळ्या समुद्राकाठच्या मेसेंब्रिया व ओडेसस (आजचे बल्गेरियातील नेसेबार व वार्ना) या गावांनी तर अलेक्झांडर मरून अडीचशे वर्षे होत आली तरी त्याच्या नावाची नाणी पाडली. व्यापाऱ्याला ओळखीचे नाणे हवे असते. त्यावरचा राजा जिवंत असण्याची त्याला गरज नसते.

आणखी एक नेहमीचा घोटाळा ‘फिलिप्पू’ या नावाचा. अलेक्झांडरचा सावत्र भाऊ आरिडायस गादीवर आल्यावर (इ. स. पू. 323–317) त्याने फिलिप हे नाव घेतले आणि भावाचाच नमुना चालू ठेवला. तेव्हा फिलिपचे नाव, पण हेराक्लीस-झ्यूसची जोडी आणि वजन 17 ग्रॅमच्या आसपास, असे असेल तर ते नाणे या तिसऱ्या फिलिपचे. दुसऱ्या फिलिपचे टेट्राड्राम स्थानिक प्रमाणानुसार 14.4 ग्रॅमच्या आसपास भरते. ग्रॅमचे दशांश दाखवणारा साधा काटा इथे भिंगापेक्षा जास्त कामाचा.

जिवंत राजाचा चेहरा मॅसिडोनियाच्या नाण्यावर आणला तो डिमीट्रियस पॉलिऑर्सिटीसने (इ. स. पू. 294–288) : डोक्याला राजपट्टी, केसांतून डोकावणारे बैलाचे शिंग. त्याच्या दुसऱ्या नाण्यांवर जहाजाच्या नाळेवर उभी राहून तुतारी फुंकणारी नायकी आहे, इ. स. पू. 306 मध्ये सायप्रसमधील सॅलमिस येथे त्याने आरमारी विजय मिळवला होता. त्याचा मुलगा अँटिगोनस गोनॅटस याने मॅसिडोनियन ढाल आणि तिच्या मधोमध पॅन देवाचे मस्तक असे नाणे काढले. पाचवा फिलिप आणि पर्सियस यांची चित्रे उत्तम, पण पर्सियसचे टेट्राड्राम पुढे सुमारे 15.5 ग्रॅमपर्यंत हलके झाले. रोमनांच्या अमलात एसिलास या अधिकाऱ्याने खुद्द अलेक्झांडरचा चेहरा, मोकळ्या केसांचा आणि मेंढ्याच्या शिंगाचा, नाण्यावर घातला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, हत्तीची नाणी : घोड्यावरून हत्तीचा पाठलाग करणारा भालाधारी एका बाजूला, हातात वज्र घेतलेला अलेक्झांडर दुसऱ्या बाजूला. पौरवाशी (पोरसाशी) झालेल्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात. पहिले नाणे एकोणिसाव्या शतकात मध्य आशियातून ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. 1973 मध्ये बॅबिलॉनजवळच्या साठ्यात आणखी सापडली. दुसरी गोष्ट तक्षशिलेच्या भीर टेकडीतली. तिथे 1924 मध्ये हजारावर आहत नाण्यांच्या (ठसे उमटवलेल्या प्राचीन भारतीय नाण्यांच्या) साठ्यात अलेक्झांडरची दोन आणि तिसऱ्या फिलिपचे एक, अशी कोरी करकरीत नाणी मिळाली. त्या तीन नाण्यांमुळे बाकीच्या आहत नाण्यांच्या काळाला एक खुंटी मिळाली. ग्रीक ड्राम हा शब्द तर आपल्याकडे द्रम्म होऊन कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत उतरला, आणि ‘दाम’ म्हणून आजही बोलण्यात आहे.

संग्रह सुरू करणाऱ्याने आशिया मायनरच्या टाकसाळींतले अलेक्झांडरचे ड्राम (सुमारे 4.3 ग्रॅम) किंवा फिलिपचे काशाचे नाणे घ्यावे. ड्राम विपुल आहेत. ते घरी परतणाऱ्या सैनिकांच्या पगारासाठी पाडले असावेत. नाणे वाजवून बघायची आपली सवय मात्र इथे सोडावी. शतकानुशतके मातीत राहून चांदी ठिसूळ होते. अस्सल नाणे तडकलेले असेल तर बद्द वाजते, आपटले तर तुकडे होतात. देवघरातल्या तांब्याच्या भांड्यांसारखे चिंच लावून घासणे तर दूरच. कडेवर शिवण, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे आणि गुळगुळीत बोथट अक्षरे दिसली तर नाणे ओतीव, म्हणजे नकली. अस्सल नाणे ठशाने पडते. पण ठशाने पाडलेले नकलीही असते : कार्ल बेकर (1772–1830) या जर्मन कारागिराने ग्रीक नाण्यांचे ठसे स्वतः कोरले, आणि नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून गाडीखाली बांधून हिंडवी, असे सांगतात. छिन्नीचा जुना घाव असेल आणि त्यातून तांबे डोकावत असेल, तर तो मुलामा चढवलेला प्राचीन खोटा माल. अशी नाणी कवडीमोल समजू नयेत. काही संग्राहक मुद्दाम तीच जमवतात.

एकाच नमुन्याची किती नाणी एके ठिकाणी पुरलेली असू शकतात, हे 1905 मध्ये इजिप्तमधील दमनहूर येथे निघालेल्या साठ्यावरून कळते : आठ हजारांवर टेट्राड्राम. एडवर्ड न्यूएल यांनी त्यांचे ठसे एकमेकांशी जुळवून टाकसाळींचा क्रम लावला. चोरून खणलेले नाणे अशा साठ्यातून सुटले की ही साखळी तुटते. ग्रीसमध्ये 2002 च्या कायद्याने पुरावस्तूंवर कडक नियंत्रण आहे. अमेरिकेने 2011 पासून ग्रीसमधून येणाऱ्या ठरावीक नाण्यांच्या आयातीवर बंधन घातले. भारतात 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे नाण्याबरोबर आलेली जुन्या लिलावाची चिठ्ठी, पावती आणि छायाचित्र त्याच पाकिटात ठेवतात. विकायची वेळ आली की आधी तीच मागितली जातात.