वन्यप्राण्यांवर संशोधन: परवानगीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

प्रबंधाचा विषय मंजूर झाला की पहिले पत्र बरेचदा विद्यापीठाच्या वन्यजीव केंद्राला जाते: ‘अभयारण्यात काम करण्यास परवानगी मिळावी.’ केंद्र ती देऊ शकत नाही. गोरेवाड्याचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे. आजारांचे निदान, संशोधन, प्रशिक्षण हे त्याचे काम. जंगलात शिरायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते. महाराष्ट्रात हे पद प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे असते आणि त्यांचे कार्यालयही नागपुरातच आहे. गाव एक, पण टेबले वेगळी.

अर्ज लिहायला घेण्याआधी एकच प्रश्न सोडवा: प्राण्याला हात लागणार आहे का?

नसेल, म्हणजे पाऊलखुणा, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा), दुर्बिणीतून नोंदी एवढेच असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे कलम 28. ते अभयारण्यासाठी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू होते. हात लागणार असेल तर कलम 12. कारण कायद्यातली ‘शिकार’ बंदुकीपुरती नाही. पकडणे, सापळा लावणे, जाळ्यात अडकवणे, अंडी-घरट्यांना धक्का लावणे हे सगळे तिच्यात मोडते. पक्षी जाळ्यात धरला, पायात कडी घातली आणि लगेच सोडून दिला तरी विनापरवाना ती शिकारच. शिवाय कलम 12 ला जंगलाची हद्द नाही. शेताच्या बांधावर घोरपड धरून रक्ताचा नमुना घ्यायचा असेल तरी ते लागते. आणि घोरपड कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्याने राज्याचा परवाना निघण्याआधी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी हवी. वाघ, बिबट्या, खवल्या मांजर यांचेही तसेच. अनुसूची 1 बाहेरच्या वन्यप्राण्यांसाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या आणि त्या 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुन्या पुस्तकातून अनुसूची उतरवलेला अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो.

पात्रतेची अट कायद्यात सैल आहे: परवाना ‘कोणत्याही व्यक्तीला’ देता येतो, पदवीचा उल्लेख नाही. प्रत्यक्षात मात्र मागे संस्था नसलेल्या अर्जाला वजन नसते. विद्यापीठ केंद्राचा खरा उपयोग इथे होतो. मार्गदर्शक, प्रयोगशाळा, आणि प्राणी बेशुद्ध करायचा असेल तर तो अनुभव असलेला पशुवैद्यक, हे तिघे कागदावर दाखवता आले पाहिजेत. म्हणून केंद्राचे संमतिपत्र आधी घ्या. रक्त काढणे किंवा गळ्यात माग काढणारी रेडिओ कॉलर बसवणे असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीसमोर प्रस्ताव वेळेत ठेवा. समितीची बैठक रोज होत नाही, आणि हिवाळ्यातला हंगाम नेमका तिथेच हुकतो.

अर्जासोबत जोडायचे ते असे: संस्थाप्रमुखांमार्फत पत्र, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र, संशोधन प्रस्ताव, चमूतील प्रत्येकाचे ओळखपत्र, वाहनांचे क्रमांक, उपकरणांची यादी, निधी कुठून येतो त्याचा तपशील, अटी पाळण्याचे व अहवालाची प्रत देण्याचे हमीपत्र. व्याघ्र प्रकल्प असेल तर क्षेत्र संचालकांचे मत मागवले जाते, तेव्हा एक प्रत त्यांनाही द्या.

यातला प्रस्तावच बहुतेक वेळा कच्चा असतो. ‘ताडोबा परिसर’ असे लिहू नका. वनखात्याच्या विभागणीप्रमाणे परिक्षेत्र, बीट, कक्ष क्रमांक लिहा. ‘आवश्यकतेनुसार नमुने’ हे शब्द तर अर्जात येऊच देऊ नयेत. कोणत्या प्रजातीचे, किती प्राणी, प्रत्येकाचे किती मिलीलिटर रक्त, ते साठवणार कुठे आणि तपासणार कोण, हे आकड्यांत हवे. ड्रोन वापरायचा असेल तर त्याचा स्वतंत्र उल्लेख करा. कॅमेऱ्याच्या परवानगीत तो आपोआप बसत नाही. रात्री थांबायचे असेल तर तेही लिहा. नाक्यावरचा वनरक्षक परवान्यावर जे लिहिलेय तेवढेच मानतो, आणि बरोबरच करतो.

वाटेत सापडलेले पीस, साळिंदराचा काटा, मेलेल्या प्राण्याचे नख खिशात घालण्याचा मोह आवरा. कलम 39 नुसार ती सरकारी मालमत्ता आहे. हवे असेल तर प्रस्तावात आधीच मागून घ्या.

चमूत परदेशी नागरिक असेल, किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला, आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरणारा भारतीय असेल, तर जैविक नमुन्यांसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता वेगळी लागते. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून सुटका नाही.

परवाना हातात आला तरी नमुने वाया जाऊ शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहायचे असेल तर अर्धा सेंटिमीटर जाडीचा तुकडा 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दसपट द्रव घालून. मोठा गोळा टाकला तर फॉर्मालिन आत पोचत नाही आणि मध्यभाग सडतो. विषबाधेचा संशय असेल तर मात्र फॉर्मालिन चालत नाही. जठर, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत बर्फावर न्यायचे. डीएनएसाठीची विष्ठा 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा, आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेर मार्करने लिहिलेला क्रमांक इथेनॉल सांडताच पुसला जातो, मग बाटली कुठल्या कक्षातली हे कोणी सांगू शकत नाही. मृत प्राण्याच्या नाका-तोंडातून न गोठलेले काळसर रक्त येत असेल तर शव अजिबात फाडू नका. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. वनाधिकाऱ्यांना आणि पशुवैद्यकाला कळवा.

मुदतवाढ हवी असेल तर परवाना संपायच्या पुरेसा आधी अर्ज करा आणि त्यासोबत तोवरचा प्रगती अहवाल द्या. अहवाल थकलेला असला की मुदतवाढ रखडते. मूळ परवान्याची प्रत मात्र रोज गाडीत हवीच, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. बऱ्याच नाक्यांवर नेटवर्क नसते.