टॉनिकमधलं प्रिझर्वेटिव्ह म्हणजे विष नव्हे

‘पातळ टॉनिकमधलं प्रिझर्वेटिव्ह म्हणजे हळूहळू भिनणारं विष’ हा मेसेज सांगलीतल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, पण तो खरा नाही. तासगावचा बेदाणा महिनोन्‌महिने टिकतो, द्राक्षाचा रस मात्र उन्हाळ्यात लगेच फसफसतो, फरक पाण्याचा. टॉनिकातही पाणी असतं, बाटली रोज उघडते. म्हणून बुरशी रोखायला सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट अगदी थोडं घालतात. सोडियम बेंझोएट ज्यापासून बनतं, ते बेंझोइक आम्ल दालचिनीत मुळातच असतं आणि शरीर ते लघवीवाटे बाहेर टाकतं. लेबलवर या पदार्थांची नावं किंवा २११ (सोडियम बेंझोएट), २०२ (पोटॅशियम सॉर्बेट) हे आकडे शोधा, म्हणजे काय घातलंय ते कळेल. एक काळजी मात्र रास्त आहे: बेंझोएटसोबत क जीवनसत्त्व असेल, तर उष्णतेनं बेंझिन हे कर्करोगकारक रसायन अत्यल्प प्रमाणात तयार होऊ शकतं. अशी बाटली उन्हात ठेवू नका.