तळं खोल हवं की पसरट?

उन्हाळा सरत आला की तलाव खोल करण्याची मागणी कानावर येतेच. सांगलीची काळी खण असो की मिरजेचा गणेश तलाव, "खोल करा, पाणी आपोआप स्वच्छ होईल" असं लोक अगदी खात्रीने सांगतात. पाणी साठवायचं असेल तर खोली हवीच. पण रस्त्यावरून वाहत आलेलं पावसाचं पाणी निवळायचं असेल, तर खोलीपेक्षा क्षेत्रफळाचा हिशेब मोठा आहे.

वळवाचा पहिला जोरदार पाऊस पडला की उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं सगळं गटारीत उतरतं. माती, शेण, सांडलेलं ऑइल, टायरच्या झिजेतलं जस्त, ब्रेकच्या झिजेतलं तांबं. यातले धातू आणि फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात मातीच्या बारीक कणांना चिकटून येतात. कण तळाला बसला की त्याला चिकटलेली घाणही बसली.

हे पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवा. बरणी टेबलावर टेकेपर्यंत रेती खाली गेलेली असते. काही तासांत पोयटाही, म्हणजे रेतीहून बारीक मातीही, बसतो. वरचं पाणी मात्र चार दिवसांनीही गढूळच. 1851 मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेला नियम इथे लागू होतो: कणाचा व्यास दहापट कमी झाला की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक मीटर खाली जायला 0.1 मिलिमीटरच्या रेतीला सुमारे दोन मिनिटं लागतात, 0.01 मिलिमीटरच्या पोयट्याला तीन तास आणि 0.001 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ तेरा दिवस. आपल्या काळ्या मातीत असे चिकण कण भरपूर.

आता 10 गुंठ्यांचं, म्हणजे साधारण 1000 चौरस मीटरचं तळं घ्या. पावसात त्यात सेकंदाला 100 लिटर पाणी येतं आणि तेवढंच पलीकडून बाहेर पडतं. तळं एक मीटर खोल असेल तर पाणी आत पावणेतीन तास थांबतं. दोन मीटर खोल केलं तर साडेपाच तास. वेळ दुप्पट झाला खरा, पण कणाला खाली जायचं अंतरही दुप्पट झालं! फायदा शून्य. सेकंदाला येणाऱ्या पाण्याला क्षेत्रफळाने भागलं की 0.1 मिलिमीटर प्रतिसेकंद हा वेग मिळतो. याहून वेगाने बुडणारा कण तळाशी पोचतो, हळू बुडणाऱ्यांतले बरेच पाण्याबरोबर निघून जातात. या भागाकारात खोली कुठेच नाही. अमेरिकन अभियंता ॲलन हेझन यांनी 1904 मध्ये हा विचार मांडला, आणि गाळ बसवणाऱ्या टाक्यांचं गणित आजही त्यावर उभं आहे. मला हे गणित फार सुंदर वाटतं.

अर्थात पाणी सगळ्या तळ्यातून सारखं पसरून गेलं तरच हे खरं. पाणी येण्याचं आणि जाण्याचं तोंड शेजारी-शेजारी असेल, तर ते मधल्या मध्ये निसटतं आणि उरलेलं तळं नुसतं बघत राहतं. थोडी खोलीही लागतेच, नाहीतर वारा किंवा पुढचा लोंढा बसलेला गाळ पुन्हा उठवतो. फार खोल तळ्यात मात्र तळाशी प्राणवायू संपतो आणि गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो.

सर्वांत बारीक कणांसाठी काठावरचं पाणकणीस उपयोगी पडतं. त्याच्या पाण्यातल्या देठांवर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर असतो, त्यात ते अडकतात. विरघळलेला नायट्रेट बसत नाही. तो तळच्या चिखलातले जिवाणू वायूत बदलतात. हे जिवाणू तिथे आधीपासूनच असतात, त्यामुळे "जिवाणूंची पुडी टाका, तलाव शुद्ध" अशा जाहिरातींवर खर्च करण्यापूर्वी गटारीचं तोंड बघावं. आणि तलावात टाकलेलं निर्माल्य पवित्र होत नाही, ते कुजतं आणि माशांचा प्राणवायू खातं.

पाणी येण्याच्या तोंडाशी एक छोटा खड्डा ठेवला तर जाड गाळ तिथेच बसतो आणि दर वर्षी मे महिन्यात जेसीबीने काढता येतो. धरणातला गाळ शेतकरी शेतात नेतात, ते ठीक आहे. शहरातल्या तळ्याचा गाळ मात्र जस्त, शिसं आणि तांब्यासाठी तपासल्याशिवाय शेतात पसरू नये.