ब्रिगेन म्हणजे गामले बर्गन नव्हे हो!

नॉर्वे करून आलेल्यांचे फोटो आले की दर वेळी तेच. तिथल्या बर्गन शहरात बंदराच्या काठाला लाल, पिवळी, मातकट अशी टोकदार छपरांची लाकडी घरं, पुढे रेनकोट घातलेले काका-काकू आणि खाली लिहिलेलं 'ओल्ड बर्गन म्युझियम'. अहो काका, ते म्युझियमही नाही आणि त्याचं नाव ओल्ड बर्गनही नाही. ते ब्रिगेन. ओल्ड बर्गन, म्हणजे तिकडच्या भाषेत 'गामले बर्गन', हे म्युझियम तिथून बसने काही मिनिटांवर सांडविकेन भागात आहे, आणि फोटोतल्या काका-काकूंची बस तिकडे बहुतेक वळलीच नसणार. गामले म्हणजे जुनं, ब्रिगेन दिसायला जुनं, झालं, एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं.

ब्रिगेनबद्दल फार सांगत नाही, सगळ्या माहितीपत्रकांत तेच असतं. थोडक्यात, ब्रिगेन म्हणजे बोटी लागायचा धक्का. साधारण 1360 पासून जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाचं इथे ठाणं, उत्तरेकडून सुका कॉड यायचा (आपल्याकडे बोंबील सुकवतात तसाच बिनमिठाचा, फक्त उन्हाऐवजी थंड वाऱ्यावर) आणि बदल्यात धान्य जायचं. आता 62 इमारती उरल्यात, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत. आत दुकानं, वर्कशॉप, हॉटेलं, म्हणजे वापरातली जागा आहे.

आता जिथे सगळे घसरतात ते. लोक विचारतात, "यातलं ओरिजिनल कुठलं?" आणि उत्तरही स्वतःच देतात, की ब्रिगेन खरं आणि गामले बर्गन म्हणजे बांधलेला सेट. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण घरांचाच हिशोब लावायचा तर तो असा सरळ नाहीच.

1702 ला मोठी आग लागली आणि ब्रिगेन जळून गेलं. आज फोटोत दिसतात ती घरं त्यानंतरची. पण परत बांधताना लोकांनी जागेची हद्द सोडली नाही, तेच लांबुळके प्लॉट, तेच मधले अंधारे बोळ, बांधायची पद्धतही तीच. 1955 ला परत एक भाग जळला, तेव्हा राखेखाली खणायला घेतलं तर थरावर थर निघाले, जुने धक्के, आधीच्या आगींच्या खुणा, आणि रून नावाच्या तिकडच्या जुन्या लिपीत खरडलेले 600 हून जास्त मजकूर, त्यातले कितीतरी साध्या लाकडाच्या तुकड्यांवर. मालावर लावायच्या नावाच्या पट्ट्या, देवाची नावं, चावटपणा, सगळं. एका काडीवर तर लिहिलंय की गिडा म्हणतेय घरी ये. ही काडी साधारण 1200 ची, हान्सावाले यायच्याही आधीची! तेव्हाही कोणीतरी कुठेतरी बसून राहिला होता आणि घरून निरोप आला, मला हे वाचून फार हसू आलं.

म्हणजे ब्रिगेनला खरी जुनी आहे ती जमीन. ती उचलून कुठे नेता येत नाही, आणि तिला नुसतं हात न लावता ठेवूनही भागत नाही, कारण खालचं लाकूड ओलं असेपर्यंतच टिकतं. जळालेल्या जागेवर पुढे हॉटेल उभं राहिलं, जमिनीतलं पाणी खाली उतरलं, खालचे थर कुजायला लागले आणि वरची घरं खचायला लागली, मग पाण्याची पातळी परत वर आणायला केवढा खटाटोप करावा लागला.

गामले बर्गनला बरोबर उलटं. घरं खरी, जागा त्यांची नाही. ही बहुतेक बर्गन शहरातली घरं, कोणाच्या जागी नवी इमारत येणार होती, कोणाच्या जागी रस्ता, म्हणून ती सुटी करून आणली आणि इथे परत उभी केली. म्युझियम 1949 ला उघडलं, आज 50 हून जास्त घरं आहेत, अठराव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंतची. घर सुटं कसं करतात असं विचाराल तर तिकडची जुनी घरं म्हणजे आडवे ओंडके, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. ओंडक्यांवर नंबर टाकायचे, उतरवायचे, दुसरीकडे त्याच क्रमाने रचायचे. वरून फळ्या मारून पांढरा रंग दिलेला असतो म्हणून आतले ओंडके आपल्याला दिसत नाहीत इतकंच. पुण्यात केळकर संग्रहालयात मस्तानी महाल बघितलाय ना? तो कोथरूडचा, तिथून आणून उभा केलेला. त्याला कोणी बोगस म्हणत नाही, मग या बिचाऱ्या घरांनीच काय पाप केलंय?

पण गामले बर्गनमधे फसायला होतं ते दुसरीकडे, आणि हे कोणी सांगत नाही. ज्या गल्लीतून तुम्ही चालता ती गल्ली तशी कधी नव्हतीच. शेजारी शेजारी दिसणारी घरं मूळची शेजारी नाहीत, एका काळातलीही नाहीत. त्यामुळे 'जुनं बर्गन हुबेहूब असंच होतं' असं लिहू नका. एकेक घर बघा, आत शिरा. बेकरी आहे, फोटोग्राफरचं दुकान आहे, दाताच्या डॉक्टरची खोली आहे (ती खुर्ची बघूनच माझी दाढ ठणकायला लागली), आणि उन्हाळ्यात त्या काळचे कपडे घातलेले नट दारात भांडत, गप्पा मारत उभे असतात. एरवी नाटकी गोष्टींचा मला कंटाळा, इथे मात्र मजा आली.

आणि ब्रिगेनला नेमकं हेच मिळणार नाही, कारण हान्साच्या ब्रिगेनमधे घरसंसार नव्हता. व्यापारी, कारकून, शिकाऊ पोरं, सगळे पुरुष, राहीपर्यंत लग्न करायचं नाही असा नियम. लाकडी घरं पेटतील या भीतीने राहत्या घरात आग पेटवायला बंदी, बर्गनच्या थंडीत! ऊब हवी तर मागच्या बाजूच्या सामायिक खोल्यांत जाऊन बसायचं, स्वयंपाकही तिकडेच. तेव्हा ब्रिगेनचा फोटो टाकून 'जुन्या काळचं कौटुंबिक जीवन' लिहिणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

बाकी फरक किरकोळ. गामले बर्गनच्या गल्ल्यांतून फिरणं फुकट, घरांच्या आत जायला तिकीट, आणि घरं उघडी असतात ती मुख्यतः उन्हाळ्यात, तेव्हा वेळ बघून जा. पाऊस दोन्हीकडे सारखाच, छत्री न्या, कोकणातल्यांना सांगायला नको. आणि हो, 'ब्रिगेन्स म्युझियम' नावाचं तिसरं एक आहे, 1976 चं, ते त्या खणलेल्या जागेवरचं, रूनच्या काड्या बघायच्या तर तिथे. हे तिसरं वरच्या दोघांत मिसळून चौथा घोळ कृपया करू नका.

एकच बघायला वेळ असेल तर मी गामले बर्गन म्हणेन, घरचे चिडले तरी. ब्रिगेन काय, सकाळी क्रूझची गर्दी उतरायच्या आत अर्ध्या तासात होतं, फक्त पुढून फोटो काढून परत फिरू नका, मागच्या बोळात शिरा, पायाखालच्या फळ्या कुठल्या बाजूला कलल्यात ते तिथेच कळतं.